जोगलटेंभीचा दुसरा छाप

इ.स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावरच्या जोगलटेंभी गावाजवळ चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. मोजणीत १३,२५० नाणी भरली. सगळी एकाच राजाची, क्षहरात कुळातल्या नहपान या क्षत्रपाची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला वज्र आणि बाण, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत राजाचे नाव. वजन जेमतेम दोन ग्रॅम, आकार अंगठ्याच्या नखाएवढा. इतक्याशा चकतीवर तीन लिप्या बसवणारा कारागीर कोण असेल, याचे मला अजून नवल वाटते.

पण या साठ्यातली बहुसंख्य नाणी बाजाराच्या भाषेत सांगायचे तर 'खराब' होती. सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे शंभरातल्या सत्तरांवर, नंतर कोणीतरी दुसराच ठसा ठोकला होता. राजाच्या नाकावरून, गालावरून तीन कमानींच्या टेकडीसारखे एक चिन्ह गेले होते, खाली नागमोडी रेघ, भोवती नवी अक्षरे. मागच्या बाजूला वज्र आणि बाण यांच्यावर उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिकाच्या आकृतीच्या चार टोकांना चार वर्तुळे. मूळचा राजा पुष्कळ नाण्यांवर ओळखू येईनासा झाला होता. चेहरा स्वच्छ दिसणारे सुबक नाणे हवे असणाऱ्या हौशी संग्राहकाने यातली सत्तर टक्के नाणी बाजूला सारली असती.

नवी अक्षरे गौतमीपुत्र सातकर्णीच्या नावाची होती.

ती अक्षरे का महत्त्वाची, हे कळण्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यांत जावे लागते. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा मोठा शिलालेख आहे. तो नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. त्यात तिने आपल्या मुलाला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटले आहे. आता आईने मुलाच्या मृत्यूनंतर कोरवून घेतलेली प्रशस्ती म्हटल्यावर इतिहासकार थोडा सावधच होणार. प्रशस्तीत राजे नेहमीच जिंकतात. त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षातली एक आज्ञाही आहे. गोवर्धनच्या अमात्याला ती कळवते की पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत आता भिक्षूंना द्यावे. उषवदात हा नहपानाचा जावई. जमिनीचा मालक बदलला होता हे यातून कळते, पण तो नेमका कसा बदलला, हे त्या आज्ञेत नाही.

जोगलटेंभीच्या नाण्यांनी ते हातात ठेवले. नहपानाचा छाप खाली, गौतमीपुत्राचा वर. खालचा छाप आधीचा आणि वरचा नंतरचा, यात कोणालाही वाद घालता येत नाही. चलनात फिरणारा क्षत्रपाचा पैसा सातवाहन राजाने हजारोंच्या संख्येने ताब्यात घेऊन त्यावर आपले नाव ठोकले. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास करून तो मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. एकाच नावाच्या या नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. गौतमीपुत्राने ही चांदी वितळवून नवी कोरी नाणी पाडली असती, तर आज आपल्याकडे एका प्रशस्तीशिवाय फारसे काही उरले नसते. घाईने किंवा खर्च वाचवण्यासाठी केलेल्या त्या ठोकाठोकीचे आपण ऋणी आहोत.

मी गेली काही वर्षे नाण्यांच्या नादात आहे. लोक मला नाणी दाखवायला आणतात, आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: "हे खरे आहे का, आणि याचे किती येतील?" या प्रश्नाकडे जाण्याची माझी वाट जोगलटेंभीवरून जाते. नाण्यावर घाव आहे का, खाच आहे का, अक्षर बिघडलेले आहे का, एवढ्यावर काहीच ठरत नाही. ठरते ते कशाच्या आधी काय झाले यावरून. नाणे म्हणजे एकावर एक घडलेल्या गोष्टींची चळत असते. आधी धातू ओतला, चकती झाली, ठसा बसला. मग ते हातोहात फिरले, झिजले. एखाद्या सराफाने त्यावर खूण केली. मग ते जमिनीत गेले आणि त्यावर काळाचे पुट चढले. हा क्रम भिंगातून वाचता आला की निम्मे काम झाले. खाचेच्या तळाशी तेच काळसर पुट असेल जे बाकीच्या अंगावर आहे, तर खाच जुनी. पुट फाटून आतून लखलखीत धातू दिसत असेल, तर ती खाच अलीकडची, आणि मग ती कोणी आणि का केली, हा प्रश्न विचारायचा.

जुनी खाच पुष्कळदा सांगून जाते. आहत नाणी, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर वेगवेगळी चिन्हे ठोकलेली आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी, हातात घेतली की मागच्या बाजूला बारीक बारीक खुणांची गर्दी दिसते. त्यातल्या बऱ्याच खुणा व्यापाऱ्यांच्या आणि पारख्यांच्या मानल्या जातात. ज्याच्या हातातून नाणे गेले त्याने ते तपासले आणि आपली मोहोर उठवली. काही नाण्यांवर छिन्नीचा खोल घाव असतो. तो घालणाऱ्याला आतली धातू पाहायची होती, कारण तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून केलेली खोटी नाणी त्या काळीही होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी तपासणारा रूपदर्शक आणि टांकसाळीवरचा लक्षणाध्यक्ष असे दोन वेगळे अधिकारी आहेत, आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांना हुडकून काढण्याचे मार्गही दिले आहेत. म्हणजे खोटे नाणे खऱ्या नाण्याच्या जवळजवळ पाठोपाठच जन्माला आले असावे. गंमत अशी, की सरकारी नाण्याच्या सोळा भागांतही त्या ग्रंथानुसार चार भाग तांबे आणि एक भाग कथील-शिशासारखा हलका धातू असायचा. अकरा भाग चांदीचे नाणे खरे, आणि त्याहून कमी चांदीचे खोटे. रेषा धातूने आखलेली नव्हती, ती आखणाऱ्याच्या अधिकाराने ठरत होती.

हा व्यवहार किती बारकाईचा होता याचा पुरावाही पांडवलेण्यांतच आहे. दहाव्या लेण्यात उषवदाताने दिलेल्या देणगीचा हिशेब कोरलेला आहे: सत्तर हजार कार्षापण, पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या दराने दोन हजार सुवर्ण. विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीचा व्याजदरसुद्धा भिंतीवर आहे, दरमहा शेकडा एक. ज्या समाजात चांदी-सोन्याचा दर दगडावर कोरला जातो, तिथे नाणे पारखून घेणाऱ्याची गरज किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या मराठी भाषेतच ही पारख मुरलेली आहे, इतकी की बोलताना आपल्या लक्षातही येत नाही. गाणे खणखणीत असते, माणूस बंदा रुपया असतो, घराण्याच्या नावाला बट्टा लागतो. बंदा रुपया म्हणजे न मोडलेला, अखंड, पुरा सोळा आण्यांचा. बट्टा म्हणजे एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवताना किंवा झिजलेला रुपया घेताना सराफ कापून घ्यायचा ती रक्कम. पेशवाईत पुण्याचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी, आणि शिवाय कितीतरी लहानमोठ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. टांकसाळी परवान्याने खासगी माणसांनाही चालवायला दिल्या जात. प्रत्येक रुपयाचा कस वेगळा, म्हणून प्रत्येकाचा बट्टा वेगळा. सरकारी खजिन्यात भरणा घेताना नाणी पारखणारा तो पोतदार. बाजारात हेच काम करणारा नाणवटी. पोतदार आणि पारखी ही आडनावे आपल्या आसपास आहेत. त्यांतल्या कितीजणांना आपल्या आडनावात कसोटीचा दगड दडलेला आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

या सराफांच्या खुणा रुपयांवर दिसतात: एखादा तारा, ठिपका, लहानसे फूल, कधी नुसती टोचणी. बाजारात अशा रुपयाची किंमत बिनखुणेच्या रुपयापेक्षा कमी येते. मला हा हिशेब कधीच पटलेला नाही. बिनखुणेचा रुपया दिसायला सुरेख असतो, मान्य. पण खुणांचा रुपया किती हातांतून गेला, किती जणांनी त्याच्यावर संशय घेतला आणि तो किती वेळा पास झाला, हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. संग्राहकाने सुबक नाणे जरूर घ्यावे. अभ्यासकाने मात्र दुकानदाराच्या 'खराब' असे लिहिलेल्या डबीतच आधी हात घालावा.

पूर्वीच्या सराफाच्या कसोट्या आजही कामाच्या आहेत, पण आंधळेपणाने वापरल्या तर दगा देतात. आवाजाचेच घ्या. चांगल्या चांदीचा रुपया दगडावर टाकला की लांब, स्वच्छ नाद देतो. शिसे-कथलाचे ओतीव नाणे बद्द वाजते. पण दोन हजार वर्षे जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते, तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असतात. असे अस्सल नाणेही बद्द वाजते, आणि फरशीवर टाकले तर दोन तुकडेही होऊ शकतात. म्हणून क्षत्रपांची नाणी वाजवून पाहू नयेत. वजनाची कसोटी अधिक भरवशाची, पण तिलाही संदर्भ लागतो. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने जो एकसारखा रुपया सुरू केला, तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. यंत्रावर पाडलेल्या या रुपयाचे वजन फार कमी भरले आणि त्यावर झीजही दिसत नसेल, तर संशय घ्यायलाच हवा. हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांना ही सोय नाही. त्यांची कड कातरून चांदी चोरणे हा तर पूर्वी एक धंदाच होता. यंत्राच्या रुपयाच्या कडेवर ज्या बारीक उभ्या रेघा असतात त्यांचे हेच कारण: कड कातरली की रेघा जातात आणि चोरी पकडली जाते.

शिवराईकडे येतो, कारण मराठी माणूस नाणे घेऊन येतो तेव्हा दहांतले निदान सहा वेळा ती शिवराई असते. तांब्याचे, हातोड्याने पाडलेले नाणे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा आणि चकती लहान किंवा वाकडी, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच एका नाण्यावर उतरतो. एकावर 'श्री' अर्धी कापलेली, दुसऱ्यावर 'त्र' कडेबाहेर गेलेला. अक्षरांचे लेखनही ठरलेले नाही: कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव', कुठे 'छत्रपती'. नवा संग्राहक इथेच फसतो. त्याला अशुद्ध लेखन दिसले की तो नाणे खोटे समजतो, आणि सगळी अक्षरे मधोमध, स्वच्छ, शुद्ध बसलेली शिवराई दिसली की खिशात हात घालतो. खरे तर संशय दुसऱ्या नाण्याचा घ्यायला हवा. नहपानाच्या नाण्यांवरची ग्रीक अक्षरेसुद्धा पुष्कळदा बिघडलेली असतात, कारण ठसा खोदणाऱ्याला ती वाचता येत नसावीत. चूक अस्सल असते, आणि सफाई बनावट.

ओतीव बनावट ओळखण्याचा एक उपाय याच गोष्टीतून निघतो, आणि तो फुकटचा आहे. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांवर ठसा कधीही अगदी त्याच जागी, त्याच तिरपेपणाने बसत नाही. तेव्हा दोन शिवरायांवर 'श्री' एकाच ठिकाणी कापलेली असेल, कडेची चीर एकाच जागी असेल आणि एकच ओरखडा दोन्हींवर असेल, तर त्या दोन्ही एका साच्यातून निघालेल्या आहेत. कोणीतरी एक खरी शिवराई घेऊन तिचा साचा केला आणि तिच्या जखमांसकट तिच्या पन्नास प्रती काढल्या. भिंगातून पाहिले तर अशा प्रतींवर अक्षरांच्या कडा बोथट दिसतात, सपाट भागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, आणि कडेवर साच्याच्या दोन पाळ्या जुळल्याची रेघ असते किंवा ती कानशीने घासून टाकल्याची खूण असते.

दुसरा प्रकार खोट्या नाण्याचा नाही, खोट्या नावाचा आहे. शिवराई हे नाणे शिवाजी महाराजांपुरते थांबले नाही. पुढे छत्रपतींच्या नावाने पेशवाईच्या अखेरपर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही ते पाडले जात राहिले, आणि त्यावरचा मजकूर पुष्कळदा तोच राहिला. मजकुरामध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर ढिगाने मिळते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली अशी शिवराई 'राज्याभिषेकाच्या वेळची' म्हणून विकली जाते. नाणे शंभर टक्के अस्सल, त्यावरची चिठ्ठी मात्र बनावट. जाड चकती, ठळक गोलाईची अक्षरे आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ असलेल्या सुरुवातीच्या शिवराया दिसायलाही वेगळ्या असतात. शेजारी शेजारी ठेवून दहा-वीस नाणी पाहिली की डोळा बसतो. पुस्तकातल्या चित्राने बसत नाही.

सोन्याच्या होनाचे प्रकरण याहून नाजूक. शिवाजी महाराजांचा अस्सल होन अत्यंत दुर्मीळ आहे. वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम, मजकूर शिवराईचाच. दुर्मीळ आणि पूज्य अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की बनावटीला खतपाणी मिळते. २०२४ मध्ये राज्याभिषेकाला ३५० वर्षे पूर्ण झाली. आठवण म्हणून घरात ठेवायच्या प्रतिकृती बाजारात आहेत आणि त्यांत काही गैर नाही. गैर तेव्हा होते जेव्हा अशी प्रतिकृती दोन हातांतून फिरून तिसऱ्याकडे 'वाड्याच्या भिंतीत सापडलेला होन' होऊन पोहोचते. माझ्यापुढे आलेल्या अशा होनांना मी आधी पाण्यात तोलतो. शुद्ध सोने पाण्याच्या एकोणीसपटींहून थोडे अधिक जड, चांदी साडेदहापट, तांबे नऊपटीला थोडे कमी. मुलामा डोळ्यांना फसवतो, तराजूला फसवत नाही. अर्थात चांगल्या सोन्यात केलेली बनावट या परीक्षेतही पास होते, आणि मग पुन्हा भिंगच घ्यावे लागते. अशा वेळी समोरच्या माणसाचा चेहरा पाहणे मला जड जाते. त्याने ते नाणे देव्हाऱ्यात ठेवलेले असते.

सोन्याच्या बाबतीत पुतळीची गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसची. त्या नाण्यावर व्हेनिसचा प्रमुख, तिकडे त्याला डोज म्हणत, सेंट मार्कपुढे गुडघे टेकून असतो. दोन माणसांच्या आकृती दिसल्या म्हणून आपण तिला पुतळी म्हटले. हे नाणे व्यापारातून आले, त्याच्या सोन्यावर लोकांचा विश्वास बसला आणि मग आपल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या. त्यांवरची लॅटिन अक्षरे म्हणजे नुसत्या काड्या आणि गाठी. सोने मात्र अनेकदा चांगल्या कसाचे. आता याला बनावट म्हणायचे का? व्हेनिसच्या नाण्याचा संग्राहक म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्या सोनाराने ती पाडली त्याला कोणाला फसवायचे नव्हते, त्याला माळ करायची होती. आजीच्या गळ्यातली पुतळी मोडायला निघालेल्यांना मी नेहमी थांबवतो, अक्षरे वाचता येत नसली तरी.

ज्याला खरोखर फसवायचे असते तो चांगल्या नाण्यातच बारीकसा बदल करतो. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया फार थोडा चलनात आला, म्हणून त्याला मोठी किंमत येते. १९३८ चा रुपया त्या मानाने सहज मिळतो, आणि दोघांत फरक शेवटच्या आकड्याचा. इंग्रजी आठाच्या खालच्या वर्तुळाची डावी बाजू कोरून काढली की नऊ तयार होतो. नाणे अस्सल, चांदी अस्सल, वजन बरोबर, आवाज खणखणीत; खोटे आहे ते फक्त एका आकड्याचे एक टोक. म्हणून अशा रुपयात बाकी काही न पाहता मी आधी त्या आकड्याभोवतीची जमीन पाहतो. टांकसाळीच्या दाबाने धातूला एक सलग कातडी येते, चाळीस-पन्नास वर्षांत तिच्यावर एकसारखा रंग चढतो. कोरणीने ती कातडी फाटते. आकड्याच्या शेजारी बारीक ओरखडे, किंचित खोलगट भाग किंवा इतर अंगापेक्षा वेगळी चकाकी दिसली, की तो घाव नंतरचा. जोगलटेंभीत दुसरा छाप नंतरचा होता म्हणून इतिहास कळला. इथे दुसरा हात नंतरचा आहे म्हणून लबाडी कळते. वाचण्याची रीत एकच.

आणखी एका जातीच्या नाण्यांबद्दल सांगितलेच पाहिजे, कारण त्यांपायी लोकांची घरे बुडाली आहेत. 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असे लिहिलेली आणि दुसऱ्या बाजूला हनुमान, लक्ष्मी किंवा रामदरबार असलेली तांब्या-पितळेची नाणी खेडोपाडी फिरतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. ही नाणी बनावटसुद्धा म्हणता येत नाहीत, कारण ज्याची नक्कल करायची ते मूळ नाणेच अस्तित्वात नव्हते; ती विसाव्या शतकातल्या कारखानदारांची कल्पना आहे. देवळांतून प्रसाद म्हणून मिळणारे रामटंके ही वेगळी, निरुपद्रवी वस्तू. तीही चलन नव्हती. पण कंपनीच्या नावाच्या या नाण्यांना तांदळाचे दाणे आपोआप चिकटतात, त्यांत दैवी शक्ती आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी रुपये देऊन ती घेते, अशी कथा रचून लोकांकडून 'चाचणीच्या खर्चासाठी' लाखो रुपये उकळले जातात. अशा प्रकरणांच्या बातम्या वर्षातून कितीतरी वेळा वाचायला मिळतात. तांबे तांदळाला ओढत नाही. एवढे वाक्य जरी एखाद्या घरात पोहोचले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

दिवाळीच्या निमित्ताने एक विनंती. लक्ष्मीपूजनाला घरातली जुनी नाणी ताटात ठेवायची पद्धत पुष्कळ घरांत आहे, आणि त्याआधी ती चिंच, लिंबू, राख किंवा रांगोळीने घासून लख्ख करायची पद्धतही आहे. ज्या काळसर, हिरवट पुटाच्या आधारे आधीचे आणि नंतरचे ओळखायचे, तेच या घासण्यात निघून जाते. सराफाची बारीक खूण पुसट होते, अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात, आणि आजवर शाबूत राहिलेले नाणे एका संध्याकाळी ओरखड्यांनी भरते. घासलेल्या नाण्याची बाजारातली किंमत निम्म्यावर येते ते एक वेळ सोडून द्या. मला वाईट वाटते ते यापुढे ते नाणे काही सांगू शकणार नाही याचे. नुसत्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपले तरी लक्ष्मी रागावणार नाही.

आणि नाण्यांचा साठाच सापडला तर? विहीर खणताना, घराचा पाया घेताना, शेत नांगरताना अजूनही साठे निघतात. त्यातले सुबक तेवढे वेगळे काढून विकले जातात आणि 'खराब' उरलेले सोनाराच्या मुशीत जातात. जोगलटेंभीच्या साठ्याचे तसे झाले असते तर आपल्या हाती नहपानाची काही हजार देखणी नाणी उरली असती आणि गौतमीपुत्राचा विजय वितळला असता. दुसरा छाप असलेली किती आणि नसलेली किती, हे प्रमाण पूर्ण साठा एकत्र मोजता आला म्हणूनच कळले.

यासंबंधीचा १८७८ चा निखात निधीचा कायदा लोक समजतात तितका जाचक नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला, तर काय सापडले, किती, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. निधीवर कोणाची मालकी सिद्ध झाली नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारने तो निधी ठेवून घेतला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवून ठेवले तर मात्र शिक्षा आहे. कळवण्याआधी नाणी धुऊ नयेत, निवडू नयेत, एकमेकांना चिकटलेली असतील तर सुटी करू नयेत. मातीसकट, मडके फुटले असेल तर खापरांसकट, जशी निघाली तशी नेऊन द्यावीत.